कोण हाय काय आत?

गाडी रात्रीची होती आणि बाबांनी मला दुपारचा चहा धड पिऊ न देता घराबाहेर काढलं. अंजूरहून ठाणे स्टेशन काही परदेशात नाही. पण कशेळीच्या पुलावर एखादा कंटेनर आडवा झाला की ठाणंच काय, काल्हेरसुद्धा लांब पडतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं असतं, म्हणून तर जास्त वैताग येतो. माणूस चुकीचं बोलत असला की भांडता तरी येतं. बाबा नेहमी बरोबर असायचे, आणि त्यांच्या त्या बरोबर असण्यात मी कित्येक वर्षं अडकून पडले होते.

आमचं घर बंद करणं हा एक कार्यक्रम असतो. मागच्या दाराला आतून कडी, वर अडसर, खाली पाट्याचा दगड. खिडक्यांना ग्रिल आणि ग्रिलला कुलूप. खिडकीच्या ग्रिलला कुलूप कोण लावतं, असं मला लॅबमधल्या मैत्रिणीने एकदा विचारलं होतं. आम्ही लावतो. मग गॅस बघायचा, मेन स्विच बघायचा, पुन्हा गॅस बघायचा. सगळं झालं की मला बाहेर उभं करायचं आणि आपण उंबऱ्यावर थांबून रिकाम्या घरात हाक द्यायची, "कोण हाय काय आत?"

मग थांबायचं. कान द्यायचा. घरात आम्ही दोघंच राहणार, दोघंही बाहेर, मग आतून बोलणार कोण? पण त्यांना थांबल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्या हाकेला आमच्या घरातून कधी उत्तर आलेलं मी ऐकलं नाही. मग दार ओढायचं, कुलूप लावायचं, ते धरून लोंबकळल्यासारखं ओढून बघायचं आणि चावी आतल्या खिशात टाकून वर सेफ्टी पिन लावायची. रिक्षावाला तोवर दोनदा हॉर्न वाजवतो. त्या दिवशीही वाजवला.

या हाकेमागे एक गोष्ट आहे. बाबा आयुष्यभर गोडाऊनमध्ये चावीवाले होते. आमच्या गावात भाताची शेतं बुजवून गोडाऊन उभी राहिली तेव्हा ज्यांच्या जमिनी मोठ्या होत्या ते मालक झाले. आमच्या वाट्याला जो तुकडा होता तो आजोबांच्या आजारपणात आधीच गेला होता. बाबा दुसऱ्याच्या गोडाऊनची चावी सांभाळायला लागले. सकाळी शटर उघडायचं, माल चढवून-उतरवून घ्यायचा, संध्याकाळी शटर पाडायचं. एका शनिवारी त्यांनी नेहमीसारखं शटर पाडलं आणि घरी आले. मधे रविवारची सुट्टी गेली. सोमवारी शटर वर केलं तर दाराशी एक हमाल पडलेला. ताप भरला म्हणून तो खोक्यांच्या मागे जाऊन झोपला होता. जाग आल्यावर शटर बडवून बडवून त्याचे हात सुजले होते, पण रविवारी त्या पट्ट्यात चिटपाखरू नसतं. तो वाचला. महिन्याभराने आपल्या मुलुखाला गेला. बाबांनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही, आईने सांगितली. त्यानंतर शटर पाडण्याआधी ते गोडाऊनमध्ये शिरून, रांगारांगांतून फिरून हाक द्यायला लागले, "कोई है क्या अंदर?" आणि घरी आमच्या भाषेत.

तर हे सगळं मला माहीत होतं. माहीत असलं म्हणजे सहन होतं असं थोडंच आहे? बाबा रिटायर झाले आणि गोडाऊन घरी घेऊन आले. आई गेली, ताई लग्न होऊन गोव्याला गेली, आणि सांभाळायला माल उरला तो मी एकटी. भिवंडीतल्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. शिफ्ट संपून रिक्षात बसले की फोन. हायवेच्या पुलाखाली आले की फोन. सातनंतर दाराला आतून कुलूप, मग मी दुकानात साधं मीठ आणायला जायचं म्हटलं तरी चावी मागायची. बाबा रागवत नसत, आवाज चढवत नसत. नुसते चावी घेऊन मागे यायचे, मी परत येईपर्यंत दारात उभे राहायचे आणि मी आले की कुलूप लावायचे. जेलरशी भांडता येतं. चप्पल शोधत मागे येणाऱ्या म्हाताऱ्याशी काय भांडणार?

आणि अशात मला पुण्याहून फोन आला. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत जागा होती, मी चोरून मुलाखत दिली होती, आणि त्यांनी मला घेतलं होतं. पुढच्या सोमवारी सांगते, असं मी म्हटलं. सोमवारपर्यंत नाही सांगितलं तर दुसरीला घेऊ, असं पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. राहायला मुलींच्या होस्टेलमध्ये एक खाट मिळणार होती. बाबांना बरोबर नेणं शक्य नव्हतं, आणि तसंही ते अंजूर सोडणार नव्हते.

मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तू फक्त बाबांना इकडं आणून सोड. महिनाभर ठेवून घेते, हवापालट म्हणून. पुढचं मी बघते." माझ्या डोक्यावरचा केवढा भार उतरला. बाबांना म्हटलं, ताईकडे जाऊन येऊ, दाजी तिथलं विमानांचं म्युझियम दाखवणार आहेत. बाबांनी जाण्याचं तिकीट बघितलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "येताचा?" मी म्हटलं, आहे. दोघांचं काढलं होतं. एकच काढलं असतं तर तिथेच पकडली गेले असते. एक आयत्या वेळी रद्द करायचं, असा माझा बेत.

ठाण्याला आम्ही इतके आधी पोहोचलो की प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याला आमच्या गाडीचं नावही आठवेना. गाडी आली, खालच्या दोन सीट मिळाल्या, आणि बाबांनी पिशवीतून साखळी काढली. सामान बांधायची ही साखळी त्यांनी गोडाऊनच्या काळापासून जपली आहे. कुत्र्याच्या साखळीपेक्षा जाड. त्यांची बॅग सीटखालच्या कडीला बांधली, तिच्यातून साखळी काढून माझ्या बॅगेच्या पट्ट्यातून ओवली, तिच्या चेनच्या दोन्ही टोकांतून फिरवली आणि कुलूप घातलं. चावी आतल्या खिशात. सेफ्टी पिन.

माझा चार्जर बॅगेत होता.

"बाबा, जरा उघडा," म्हटलं तर म्हणाले, लोकांच्या डोळ्यांदेखत कुलूप उघडलं की लोकांना कळतं चावी कुठे आहे ते. झोपल्यावर बघू. आता सगळे झोपल्यावर मी चार्जर काय उशाला घेऊ? आम्ही तांदळाच्या भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली, समोरच्या बाईने नाकाला पदर लावला, बाबांनी तिलाच आग्रह केला आणि तिने चक्क एक भाकरी खाल्ली. एवढाच काय तो त्या प्रवासातला गोड भाग. नंतर बाबा डब्याचं दार बंद करायला गेले. कुणीतरी वाऱ्यासाठी उघडलं, हे पुन्हा गेले. असं पनवेलपर्यंत चाललं. शेवटी तिकीट तपासनीस त्यांना हाताला धरून जागेवर आणून बसवून गेला आणि मला म्हणाला, मॅडम, यांना जरा सांभाळा. मला त्याला सांगावंसं वाटलं, की अहो, दुसरं मी करतेय काय?

माझा फोन मेला. मी सीटवर पडून वरच्या बर्थच्या पत्र्याकडे बघत राहिले. पाय लांब केले की बांधलेल्या बॅगेची साखळी वाजायची, आणि साखळी वाजली की बाबा विचारायचे, "काय झालं, बाय?" काही नाही, बाबा. पहाटे खिडकीतून नारळीची झाडं दिसायला लागली तेव्हा मी मनात एकच वाक्य घोकत होते. बाबा, मी पुण्याला जातेय. किती छोटं वाक्य आहे. तोंडाशी यायचं आणि परत जायचं.

वास्कोला ताईच्या घरी पोहोचलो आणि दार उघडलं. दारात ताईची सासू. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आलेली, दोन खोल्यांतली एक तिची. ताई माझ्याकडे बघेना. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं ते तिलाच ठाऊक. म्हणाली, अगं, अचानक आल्या. दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, सोमवार दिवाळीनंतर येत नाही, ताई. ती म्हणाली, मग तूच बाबांना सांग ना, की थोडे दिवस एकटे राहा, शेजारी आहेत, डबा लावता येईल. तू सांग, मी असते बाजूला.

मला इतका राग आला की मी बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे बाबा दाजींना सांगत होते की या दाराला कडी नीट बसत नाही, उद्या स्क्रू आणा, मी करून देतो. आणि मग, "येताची गाडी रविवारची ना?"

दुसऱ्या दिवशी दाजी आम्हाला म्युझियमला घेऊन गेले. दाजी भला माणूस. बंदरावर नोकरी करतात आणि विमानांचं त्यांना वेड आहे. समुद्राजवळच्या टेकडीवर हिरवळ, आणि हिरवळीवर जुनी विमानं ओळीने उभी. रंग उडालेली, चाकांखाली सिमेंटचे ठोकळे लावलेली, एकाच्या नाकात साळुंकीचं घरटं. दाजी प्रत्येक पाटीपाशी थांबून मोठ्याने वाचायचे आणि वाचून झालं की तेच पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगायचे. पलीकडेच विमानतळ आहे, त्यामुळे मधेच एखादं खरं विमान डोक्यावरून गर्जत जायचं आणि दाजींचं वाक्य तुटायचं. ते विमान जाईपर्यंत बोट वर करून थांबायचे. बाबांना विमानांचं काही नव्हतं. ते त्या सिमेंटच्या ठोकळ्यांकडे वाकून बघत होते. नीट अडकवलंय, असं म्हणाले. मी मात्र सगळ्यांच्या पुढे पुढे, "चला, बास झालं, ऊन लागतंय," करत होते. तापलं होतं माझंच डोकं, आणि त्याला ऊन फक्त निमित्त होतं.

शेवटचं विमान सगळ्यात मोठं होतं, पोटात शिरून बघता येणारं. लोखंडी जिना, वर छोटं दार, आत अंधारलेला लांब बोगदा. पुढच्या बाजूला काचा आणि शेकडो बटणं, मधे यंत्रांच्या पेट्या, आणि अगदी मागे एका फळकुटाच्या आडोशापलीकडे खिडकीपाशी दोन-तीन जुन्या सीट. दाजी आणि ताई पुढे गेले, बाबा त्यांच्या मागे. ताईने जाता जाता मला चिमटा काढला. आता सांग, या अर्थाचा. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मागे जाऊन त्या सीटवर बसले. खिडकीतून धावपट्टीचा तुकडा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे समुद्र.

खालून तिथल्या माणसाने हाक मारली, जेवायची सुट्टी, सगळे उतरा. ताई आणि दाजी उतरले. जिन्यावर पावलं वाजली. मी आधीच खाली गेले असं सगळ्यांना वाटलं, कारण सकाळपासून चला, चला करणारी मीच होते. बाबा सगळ्यात शेवटी उतरणार, हे तर ठरलेलंच. त्यांच्या हाताखालून जे दार जाईल ते उघडं राहिलेलं त्यांना खपत नाही. मला दिसत नव्हते, पण मला माहीत होतं की ते आता उंबऱ्यावर उभे राहिले असणार, एक हात दारावर.

"कोण हाय काय आत?"

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. 'मी हाय' एवढंच म्हणायचं होतं, जिभेवर आलंही होतं. बाबा नेहमीसारखे थांबले. पत्र्याचं विमान, त्यात आवाज कसा घुमतो, मी श्वास घेतला असता तरी त्यांना कळलं असतं. मी श्वास घेतला नाही. मला काय झालं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. एवढंच कळत होतं, की मी ओ दिली की उठायचं, उतरायचं, जेवायचं, गाडीत बसायचं, साखळी लावायची आणि अंजूरला जाऊन ग्रिलच्या आत बसायचं, आणि सोमवारी पुण्याच्या बाईंना सांगायचं की दुसरीला घ्या.

दार लागलं. बाहेरून खटका पडल्याचा आवाज आला. तिथला माणूस हिंदीत, अरे वा चाचा, म्हणाला.

पहिली काही मिनिटं मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटावी. जगात एकालाही मी कुठे आहे ते माहीत नव्हतं. अशी वेळ माझ्या आयुष्यात त्याआधी आलीच नव्हती. मग पत्रा तापायला लागला. जुन्या रबराचा आणि ऑइलचा वास डोक्यात चढायला लागला. कुडता पाठीला चिकटला. बाहेर एक विमान धावपट्टीवर धावलं, त्याने माझ्या विमानाच्या सगळ्या खिडक्या थरथरल्या, आणि माझं विमान सिमेंटच्या ठोकळ्यांवर होतं तिथेच उभं. तेव्हा मला रडू फुटलं. दाराला आतून खटका आहे की नाही, हे मी उठून बघितलंसुद्धा नाही. आतून उघडत असेल तर मग मी बसलेय कशाला, असा प्रश्न आला असता, आणि मला तो नको होता.

खाली गलका झाला. ताई आणि बाबा माझ्या नावाने हाका मारत होते. दाजी बाथरूमकडे धावले असावेत. आणि मग बाबांचा आवाज थांबला. त्यांचा आवाज थांबला म्हणजे त्यांना कळलं. लोखंडी जिन्यावर एक पाय, थांबणं, दुसरा पाय. डावा गुडघा त्यांना वाकवत नाही. मागून तो माणूस ओरडत होता, चाचा, रुको, मैं खोलता हूँ. ते थांबले नाहीत.

दार उघडलं आणि ऊन आत आलं. बाबा दारात. तोंड पांढरंफटक पडलेलं. मला बघितलं आणि तिथेच पत्र्याला धरून उभे राहिले.

"मी हाक दिलेली," ते म्हणाले. "दिलेली ना, बाय?"

"दिलेली."

"मंग?"

"ऐकली मी."

ते आत आले. हळूहळू, दोन्ही बाजूंना धरत, माझ्या समोरच्या सीटवर बसले. धाप लागली होती. खालून ताई विचारत होती, सापडली का, आणि दाजी तिला गप्प करत होते. जी गोष्ट बाबांनी आम्हाला उभ्या जन्मात सांगितली नव्हती, ती त्यांनी एकाच वाक्यात सांगितली.

"तो झोपलेला व्हता, बाय. तू तं जागी व्हतीस."

मला वाटलं ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून ते वाक्य पडलं, जे गाडीत रात्रभर अडकून होतं. मी म्हटलं, बाबा, मला पुण्याला नोकरी लागली, सोमवारी सांगायचंय. मग त्यांनी विचारलं की ताईला माहीत आहे का. हो म्हटलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाबांचं डोकं साधं नाही. गोडाऊनमध्ये कुठलं खोकं कुठल्या रांगेत हे ते अंधारात सांगायचे. त्यांनी सगळं जुळवलं.

"म्हंजे मला हितं ठेवायला आनलंस," ते म्हणाले.

"हो."

"मी न्हाय ऱ्हायाचा हितं."

"माहीत हाय, बाबा."

एवढंच. तो माणूस आला, चिडला होता, आणि चिडणं बरोबरच होतं, त्याचं जेवण राहिलं होतं. बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले. गलती मेरी है, म्हणाले. त्यांची नव्हती. उतरताना मी त्यांचा दंड धरला तर त्यांनी झटकला नाही, पण माझ्यावर भारही टाकला नाही.

रविवारपर्यंत त्यांनी ताईच्या दाराची कडी बसवून दिली. माझ्याशी बोलले ते पाणी दे, टॉवेल कुठाय, इतकंच. ताई माझ्यामागे लागली होती, काय म्हणाले, काय म्हणाले. काय सांगू? ते हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. आधी निदान कुठल्या भिंतीवर डोकं आपटायचं ते तरी माहीत होतं.

परतीच्या गाडीत बसलो. बाबांनी साखळी काढली. त्यांची बॅग सीटखालच्या कडीला बांधली, साखळी बॅगेच्या पट्ट्यातून ओवली, आणि मी सवयीने माझी बॅग पुढे सरकवली. त्यांनी ती उचलली, माझ्या उशाशी ठेवली, आणि साखळी स्वतःच्या एकट्याच्या बॅगेभोवती दोन वेढे देऊन कुलूप घातलं.

मी त्या मोकळ्या बॅगेवर हात ठेवून बसले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही, संताप झाला. तोंडाने बोलायचं नाही, कधीच नाही, आणि मी आपलं साखळीकडे बघून ओळखायचं. मग संताप विरला आणि भीती उरली. बॅग बांधलेली नव्हती, मी बांधलेली नव्हते, आता जायचं नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं. मी बॅग उघडून चार्जर काढला आणि फोन चार्जिंगला लावला. बाबा डोळे मिटून बसले होते. या वेळी डब्याचं दार बंद करायला ते उठले नाहीत, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

सोमवारी मी लॅबच्या जिन्यात उभी राहून पुण्याला फोन केला आणि हो म्हटलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. बरं, म्हणाले. मी शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, डब्याचं ठरवलं, त्यांच्या गोळ्या खोक्यात लावून ठेवल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रात्री नेहमीसारखं आतून कुलूप लावलं.

जायच्या दिवशी मी त्यांना ठाण्यापर्यंत चला म्हटलं. ते म्हणाले, घर कोण बघेल. रिक्षा दारात उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी माझी बॅग रिक्षात ठेवली, पट्टा ओढून बघितला, आणि मला वाटलं आता काही बोलतील. तर पाणी आणतो, असं म्हणून आत गेले. बाटली माझ्या हातातच होती. मी थोडा वेळ थांबले. ते बाहेर येईनात. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला आणि मग तोही नाही.

मी उंबऱ्यावर गेले, दार ओढायला हात घातला, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं. लहानपणापासून त्या उंबऱ्यावर, दाराला हात लागला की जे शब्द येतात तेच.

"कोण हाय काय आत?"

मग मी थांबले. बाबांसारखी, कान देऊन. आमच्या घरात त्या हाकेला पहिल्यांदा उत्तर आलं.

"मी हाय," आतून बाबा म्हणाले. "तू जा, बाय."

मी दार ओढून घेतलं. बाहेरची कडी लावली नाही.